सात नंबरचा बिल्ला

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. सरूला ताप नसला तरी दिवसातून दोनदा तिच्या कपाळाला हात लावते, आणि कपाळ गार लागलं तर आपलाच हात गरम असेल म्हणून पुन्हा लावून बघते. इंटरपर्यंत शिकले आहे. भुतं नसतात हे मला पाठ आहे. तरी खुशालरावकाकांनी सांगितलेलं इथं लिहून ठेवते, कारण ते डोक्यात ठेवून मला झोप लागत नाही. कागदावर उतरवलं की लागेल, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे स्वतः मात्र त्या रात्रीपासून दिवा मालवायला मलाच उठवतात.

शनिवार, आठ ऑक्टोबर एकोणीसशे सहासष्ट. रात्रीचे साडेआठ. अमरावतीला आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो आणि भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत खुशालरावकाका. ते जंगलखात्यात नाकेदार होते. डोंगराच्या पायथ्याच्या राखीव जंगलात वीस वर्षं काढली, आता मुलाकडे असतात. जेवणं झाली की आमच्या ओट्यावर येऊन सुपारी कातरतात आणि ह्यांच्याशी गप्पा मारतात. मी सरूला मांडीवर थोपटत ऐकते.

त्या रात्री ह्यांनीच त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. रस्ता विचारायला.

बेत असा होता. दुसऱ्या दिवशी रविवार. पहिल्या एस.टी.च्या टपावर सायकल चढवायची, चांदूर बाजारच्या पुढं खैरीला उतरायचं, आणि जंगलातल्या रस्त्यानं सात मैल वर जांभूळढाण्याला जाऊन परत यायचं. पावसाळा लागला की दिवाळीपर्यंत त्या रस्त्यावर जंगलखातं मोटार, ट्रक, बैलगाडी काही म्हणता काही सोडत नाही. कच्चा रस्ता चाकांनी उखडतो. पायी माणूस जातो आणि सायकल जाते. ह्यांच्या शाळेतले दोघं मास्तर जाऊन आले होते. दोन्ही बाजूंना साग, हॉर्नचा आवाज नाही, धूळ नाही, असं वर्णन आठवडाभर आमच्या घरी चाललं होतं. आणि ह्यांना सरूला न्यायचं होतं. चार वर्षांच्या सरूला. सायकलच्या दांड्यावर बसवायची छोटी सीटसुद्धा आली होती.

"मोटारच नाही म्हटल्यावर भीती कसली?" हे म्हणायचे. भीती कसली ते ठाऊक असतं तर ती काळजी कशाला राहिली असती?

काकांनी रस्ता सांगितला. मैल न् मैल.

"खैरीच्या नाक्यावर बिल्ला घ्या लागते. पत्र्याचा असते, दोरीचा. गळ्यात घाला. वर जांभूळढाण्याच्या नाक्यावर देऊन टाका. येतानी तसंच. मैलभरावर नाला लागन. आता पानी घोट्याएवढंच असन." मग त्यांनी सरूकडे पाहिलं. "लेकरू नेता काय?"

"हो. सीट आणली आहे ना."

"डबलसीट बंद हाय थ्या रस्त्यावर. उतार लय हाय. नाकेदारानं पाह्यलं तं बिल्ला देत नाई."

हे हसले. "त्यात काय काका! नाक्याआधी उतरवायचं. सरूला म्हणायचं, झाडांमधून पलीकडे ये, मी नाक्यातून येतो. तिला तर गंमतच वाटेल."

अडकित्ता थांबला.

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही. आपलं सुचलं."

"सुचलं..." काकांनी अर्धी कातरलेली सुपारी डबीत ठेवून दिली. डबी लावली. "त्यालेबी सुचलंच होतं."

डबी खिशात टाकली. मग म्हणाले, "माह्या वळखीचा मानूस होता. सांगू नये म्हनतो. पन तुमी उद्या जाऊन राह्यले."

पुढचं मी बहुतेक माझ्या भाषेत लिहिते. माझं माहेर अकोल्याचं, पण घरची बोली शाळेत तोंडातून निघाली म्हणून इतक्या छड्या खाल्ल्या आहेत की आता ती ऐकता येते, लिहिताना हात अडतो. जिथं काकांचे शब्द जसेच्या तसे कानात राहिले आहेत तिथं ते तसेच ठेवते.

एकसष्ट साल. काका वरच्या, जांभूळढाण्याच्या नाक्यावर होते. तिथल्या शाळेत उद्धव मास्तर होते. अमरावतीच्या वकिलाच्या घरातला मुलगा, तिशीचा, अक्षर मोत्यासारखं, आवाज इतका हळू की मागच्या ओळीतली पोरं पुढं सरकून बसायची. बायको तारा बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. माहेर खाली खैरीलाच, नाक्यापासून मैलभर. मुलगी चारुशीला सात वर्षांची. तिची शाळा बुडू नये म्हणून ती बापाजवळ. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की बापलेक सायकलवर आईकडे जात आणि सोमवारी पहाटे परत येत.

दुसरा रस्ता होता, पण तो एकोणतीस मैलांचा फेरा. दोन एस.टी. बदलायच्या. म्हणजे अख्खा रविवार वाटेतच.

तेव्हा मास्तरांनी युक्ती काढली. दोन्ही नाक्यांच्या अलीकडे एकेक वळण होतं, आणि वळणापासून गुराख्यांची पायवाट झाडीतून निघून नाक्याच्या पलीकडे, मैलाच्या दगडापाशी रस्त्याला लागत होती. दोनशे पावलं. वळणावर चारू कॅरिअरवरून उतरायची आणि झाडीत शिरायची. मास्तर एकटेच नाक्यातून जायचे. दगडापाशी पोचले की सायकलची घंटी वाजवायचे. दोनदा. ती ऐकली की चारूनं बाहेर यायचं. त्याआधी नाही.

"घंटी वाजेपर्यंत मी झाड," असं ती म्हणायची.

वरच्या नाक्यावर काकांना हे माहीत होतं. "दर शनवारी पाहो मी. सागाच्या पानातून तिची लाल रिबीन दिसे. तोंड फिरवून घ्यो. एक डाव तं पोरीनं मलेच इचारलं, नाकेदारकाका, मी तुमाले दिसली काय? म्या म्हनलं, नाई बाप्पा, कोन बोलून राह्यलं? इतकी हासली..."

काकांनी एकदम नाक्याचा कायदाच सांगायला घेतला.

कायदा असा. संध्याकाळी साडेसहाला नाके बंद. वरून दिवसभरात किती बिल्ले गेले तो आकडा काकांनी चिठ्ठीवर लिहायचा आणि शेवटच्या सायकलवाल्याच्या हाती द्यायचा. खालचा नाकेदार फळीवर टांगलेले बिल्ले मोजायचा. आकडा जुळला म्हणजे जंगलात कोणी उरलं नाही. नाक्याचा आडवा बांबू पाडून साखळीला कुलूप घालायचं. नाही जुळला तर कुलूप घालायचं नाही, कंदील घेऊन शोधायला निघायचं.

एकोणीस ऑगस्ट, शनिवार. तीन दिवसांपूर्वी खालून निरोप आला होता, ताराला मुलगा झाला. चारूला भाऊ बघायचा होता. सकाळपासून पाऊस. काका म्हणाले, "मास्तर, पोरीले आज माह्या घरी राहू द्या." पण पोरगी दप्तर पाठीला लावून सकाळपासून तयार बसलेली. चारला पाऊस उघडला आणि ते निघाले. त्या दिवसाची शेवटची सायकल त्यांचीच.

"चिठ्ठी मी लिवली," काका म्हणाले. "बिल्ले नऊ. मानसं धा. मले मालूम होतं ना... मी नऊ लिवले."

खालच्या नाक्यावर शेषराव नवीन आला होता. त्याच सोमवारी. जुना नाकेदार डोळेझाक करायचा, हा कडक. मास्तर सहाच्या सुमारास पोचले. वळणावर चारूला उतरवलं होतं. शेषरावनं चिठ्ठी वाचली, बिल्ले मोजले. नऊ.

"मास्तर, पोरगी असते म्हने संग?"

"आज नाही. एकटाच आहे."

तेवढ्यात संपायला हवं होतं. पण शेषराव म्हणाला, "मास्तर, या ना चौकीत. अर्ज लिवून द्या एक. बायको बिमार हाय माही, मोर्शीकडं बदली पाह्यजे. तुमचं अक्षर चांगलं असते म्हंतात."

नाही म्हणावं तर संशय येणार. संशय आला तर उद्यापासून रस्ता बंद. मास्तर आत जाऊन बसले. अर्ज लिहिला. शेषरावला त्यात "मायबाप सरकार" पाहिजे होतं, ते घातलं. बायकोच्या दुखण्याचं नाव दोनदा बदललं. पुन्हा सगळा उतरवून काढला. बाहेर पाऊस लागला. शेषराव मध्येच उठून साखळीला कुलूप घालून आला. पंचवीस मिनिटं मास्तर वळणदार अक्षरात दुसऱ्याच्या बायकोचं दुखणं लिहीत बसले होते, आणि कान सगळा बाहेर.

मग दगडापाशी गेले. घंटी वाजवली. दोनदा.

पुन्हा दोनदा.

चारू आली नाही.

त्यांना वाटलं, रुसली. आत शिरले. झाडीत काही दिसत नव्हतं. हाका मारल्या. अखेर चौकीत आले आणि म्हणाले, "शेषराव, माझी मुलगी आत आहे."

"पन मास्तर, चिठ्ठीत तं नऊच हायेत."

तीनदा सांगावं लागलं त्यांना. स्वतःच्या हातानं आणलेल्या चिठ्ठीविरुद्ध.

सकाळी सापडली. मैलभर आत, रात्रीचा पूर ओसरलेल्या नाल्यात. घंटी ऐकू येईना म्हणून ती रस्त्यावर येऊन उलटी, घराच्या दिशेनं चालत गेली असावी. चपला दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या होत्या. भिजल्या की आई रागवायची.

ह्यांनी विडी पेटवली आणि तशीच धरून ठेवली. मी सरूच्या कपाळाला हात लावला. गार होतं. पुन्हा लावला.

"अन् तारा?" मी विचारलं. मला बाप सोडून आईच आठवली.

तारा बोलली नाही. एक शब्द नाही. मास्तर दर शनिवारी खैरीला यायचे तेव्हा तिच्या खोलीचं दार लागलेलं असायचं. ते ओसरीवर बसायचे. मेव्हणा ताट आणून ठेवायचा. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू यायचं. रात्र ओसरीवर काढून ते परतायचे.

पहिल्याच शनिवारी मास्तरांनी वरच्या नाक्यावर दोन बिल्ले मागितले.

"दोन?"

"एक सात नंबरचा द्या. सात वर्षांची आहे ती."

काकांनी दिला. चिठ्ठीत तो आकडा धरला. मास्तरांनी खैरीच्या वळणावर, जिथं ती उतरायची तिथं, सागाच्या एका रोपाला सात नंबरचा बिल्ला टांगला आणि एकाच बिल्ल्यानिशी नाक्यावर आले. आकडा एकानं कमी. म्हणजे माणूस आत आहे. म्हणजे कुलूप घालता येत नाही.

शेषरावनं घातलंही नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नाही. रात्रभर नाका उघडा, कंदील टांगलेला, आणि शेषराव बाहेर घोंगडी पांघरून बसलेला. मास्तर दगडापाशी उभे राहून घंटी वाजवायचे. दोनदा. थांबायचे. दोनदा. मग मैलभर चालत ओसरीवर. रविवारी सकाळी शेषराव वळणावरून बिल्ला काढून आणायचा. तो अर्ज त्याच्या खिशात होता, त्यानं कधी पाठवला नाही.

पाचव्या शनिवारनंतर मास्तर वर आले आणि काकांना म्हणाले, "खुशालराव, सायकल जड होते."

"कुठी?"

"खैरीच्या नाल्यापासून. पाण्यातून वर आलो की मागं वजन येतं. पायडल दाबावं लागतं. वळणापाशी आलो की हलकी होते." मग अगदी शांतपणे म्हणाले, "उतरते ती तिथं. मीच शिकवलंय ना."

"तुमी मागं वळून पाह्यलं?"

"नाही. पाहिलं आणि नसली तर?"

काका सांगत होते आणि मला, खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली. रडू आलं. आईला न विचारता तिच्या लेकराला असं लपवत नेणाऱ्या त्या माणसाचा मला आधी राग आला होता. तो कुठं गेला कळलं नाही.

चार नोव्हेंबर. शनिवार. अकरावा शनिवार तो. दिवाळी चार दिवसांवर आली होती. सोमवारपासून रस्ता मोटारींना मोकळा होणार होता. सागाचे ट्रक सुरू होणार. नाके उघडे, चिठ्ठी नाही, बिल्ले मोजून कचेरीत जमा करायचे. थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

मास्तर वरच्या नाक्यावर आले तेव्हा त्यांचे ओठ वाळलेले होते. "सोमवारपासून ट्रक येतील," म्हणाले. "दिवसरात्र. ती आत कशी राहील, खुशालराव? आज नाही आली बाहेर, तर..."

काकांना तेव्हा जे सुचलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं, आणि सांगताना मान खाली घातली.

"म्या म्हनलं, मास्तर, पोरीले चोरून काहून आनता? ते तुमी सांगतलं तेच करून राह्यली. लपून राह्यली. सरळ नाक्यातून आना तिले. मी चिठ्ठी लिवतो."

दिवसभरात त्या रस्त्यानं कोणी उतरलंच नव्हतं. काकांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला नाही. नावं लिहिली. उद्धव मास्तर. खुशालराव नाकेदार. कुमारी चारुशीला. वरचा नाका मिटवून तेही आपल्या सायकलवर निघाले. मास्तर पुढं, काका वीस हात मागं.

नाल्यापाशी पोचले तेव्हा अंधार पडला होता. चंद्र नव्हता. काकांच्या सायकलचा दिवा तेवढा. पाणी घोट्याएवढं. मास्तर पाण्यातून सायकल ढकलत वर आले, बसले, पायडल मारलं.

कॅरिअर करकरलं.

"कॅरिअर रिकामं होतं," काका म्हणाले. "दिव्यात सपष्ट दिसे. रिकामं. अन् मागचं टायर... बसलेलं."

मैलभर मास्तर उभ्यानं पायडल मारत होते. सपाट रस्त्यावर. काकांना त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

वळण आलं. मास्तर थांबले. कॅरिअर पुन्हा करकरलं.

टायर वर आलं.

मास्तरांनी सात नंबरचा बिल्ला रोपाला टांगला. काका जवळून गेले. बिल्ला दिव्यात चमकला. दोरी लांब, वाऱ्यानं हलत होती.

नाक्यावर शेषराव उभा होता. बांबू वर केलेला. टोपी काढून हातात घेतली होती. काकांनी चिठ्ठी दिली. त्यानं कंदील उचलला आणि मोठ्यानं वाचलं.

"उद्धव मास्तर."

मास्तर म्हणाले, "आहे."

"खुशालराव."

"हाव."

शेषरावनं खाकरलं. "कुमारी... चारुशीला."

कोणी काही बोललं नाही.

रातकिडे ओरडत होते. शेषरावनं कंदील रस्त्यावर धरला. उजेड जिथं संपत होता तिथं वळण होतं.

"बाई," तो म्हणाला. "या. चिठ्ठीत नाव हाय तुमचं... लपाचं काम नाई आता. सरळ या."

काही नाही.

मास्तरांनी घंटीवर अंगठा ठेवला. या वेळी दगडापाशी नाही. नाक्यात, बांबूखाली उभं राहून.

दोनदा.

रातकिडे थांबले.

"किती येळ थांबले ते मी सांगू शकत नाई. शेषरावचा कंदील हालून राह्यला होता, थेवढंच मले दिसे..."

मग कॅरिअर करकरलं.

मास्तरांनी डोळे मिटले. मागं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी हँडल धरलं. हळू आवाजात, पोरं पुढं सरकून ऐकायची त्या आवाजात, म्हणाले, "धरून बस."

आणि निघाले. काका मागोमाग. मैलाचा दगड गेला. सायकल हलकी झाली नाही.

खैरीत दिवे लागले होते. ताराच्या माहेरचं घर गावाच्या तोंडाशीच. मास्तरांनी सायकल अंगणात उभी केली. अजून घंटी वाजवली नव्हती, हाक मारली नव्हती.

दार उघडलं.

तारा उभी होती. कडेवर तान्हं. तिनं मास्तरांकडे पाहिलंच नाही. त्यांच्या मागं, खाली पाहिलं. अकरा शनिवारांत पहिल्यांदा बोलली.

"किती उशीर केलात." मग म्हणाली, "आत आणा तिला. भिजली असेल."

पाऊस जाऊन महिना झाला होता.

कॅरिअर एकदा करकरलं. टायर वर आलं. तारा दारातून बाजूला झाली, वाट देण्यासाठी होतात तशी. तान्हं तिच्या खांद्यावरून खाली कशाकडे तरी पाहत होतं. मग मास्तर आत गेले. दार उघडंच राहिलं.

काका तिथून मागं फिरले.

"मास्तर पुढं?" ह्यांनी विचारलं. ह्यांचा आवाजही मास्तरांसारखा हळू झाला होता.

"बदली घेतली अकोल्याकडं. दोघंबी गेले. त्याच्या बादमंदी सायकल कधी जड झाली नाई म्हने. मले एक कार्ड आलं होतं. मास्तरनं लिवलं होतं, खुशालराव, आता हलकी चालते, पण सवय होत नाही."

काका उठायला लागले. मग पुन्हा बसले, बंडीच्या आतल्या खिशात हात घातला.

"परत नाक्यावर आलो तं शेषरावनं बांबू पाडला होता. साखळीले कुलूप. अकरा शनवारात पयल्यांदा. म्या म्हनलं, काहून रे, बिल्ला तं वळनावर हाय. थ्यानं कंदील उचलून फळी दाखवली. मास्तरचा बिल्ला. माहा बिल्ला. अन् सातच्या खिळ्यावर सातचा. म्हने, खुशालराव, मी जागचा हाललो नाई. आमी दोघं वळनावर जाऊन आलो. रोपावर काई नव्हतं."

त्यांनी बिल्ला ओट्यावर ठेवला. रुपयाहून मोठा, पत्र्याचा, वर ठोकलेला सात. काळी पडलेली सुतळी. कचेरीत विसातले एकोणीसच जमा केले, म्हणाले, एक हरवला असं लिहून दिलं.

ह्यांनी तो उचलून पाहिला. हे मास्तर आहेत, शंका काढल्याशिवाय राहवत नाही. "दोरीला मध्ये गाठ मारली आहे, काका. आखूड केली आहे. मास्तरांनीच केली असेल, तिच्यासाठी."

"जून महिन्यात ईसच्या ईस दोऱ्या मीच बांधल्या होत्या. सारख्या. मोठ्या मानसाच्या डोक्यातून जाईन, छातीवर येईन, अशा. त्या संध्याकाळी रोपावर पाह्यली तवा लांबच होती. सांगतलं ना, वाऱ्यानं हालून राह्यली होती." काका उठले, धोतर झटकलं. "गाठ मी नाई मारली. मास्तर तं वळनापासून माह्या डोळ्यापुढं होते. जातो आता. लेकराले आत घ्या."

ते भिंतीपलीकडे गेले. बिल्ला ओट्यावरच राहिला. विसरले, की ठेवून गेले, मी अजून विचारलेलं नाही. हे आत गेले आणि सायकलच्या दांड्यावरची छोटी सीट पान्यानं सोडवायला लागले. नट अडकला होता. बराच वेळ त्याचा आवाज येत होता.

मी बिल्ला उचलला. गाठ सुटते का पाहिलं. सुटली नाही. लहान पोरं बूट बांधायला शिकताना मारतात तशी, एकावर एक तीन वेळा मारलेली होती. उगीच, कशासाठी कोण जाणे, मी ती दोरी माझ्या डोक्यातून घालून पाहिली. कपाळाशीच अडकली. खाली येईना.

सरू मांडीवर झोपली होती. दोरी माझ्या हातात होती, हात तिच्या डोक्यावर. मोजून पाहायला क्षणही लागला नसता.

मी पाहिलं नाही.